गोपाची तार

सकाळी साडेनऊ. इतवारीच्या सराफ्यात शटर वर केलं की आधी पंखा बंद. बाहेर मे महिन्याचं नागपूर, आत गॅसची ज्योत. पण वाऱ्याने ज्योत हलते नि सोन्याचा कीस उडतो. गिऱ्हाइकाला गोप हवाय. मुशीत त्याची जुनी एकदाणी, दोन अंगठ्या, वर चिमूटभर टाकणखार. चोख सोनं १०६४ अंशांना वितळतं, बावीस कॅरेटचं त्याआधीच.

साडेदहा. ठोकून कांडी केली, आता जंतर, म्हणजे भोकांची पट्टी. एकाहून एक बारीक भोकांतून ओढत न्यायची. भाचा विचारतो, "मामा, मिठाचा खडा ठोकला तं फुटतो. हे काहून नाही फुटत जी?"

बारावी सायन्सला मी नापास, पण एवढं येतं. सोन्याचा प्रत्येक अणू आपला सुटा इलेक्ट्रॉन भिशीत टाकतो. तो कुणा एकाचा राहत नाही, सगळ्या तुकड्यात फिरतो. थर एकमेकांवरून सरकले तरी भिशी मोडत नाही. मिठाच्या खड्यात मात्र अधिक-उणे जोड्या ठरलेल्या. थर सरकला की सारखे समोरासमोर येतात नि खडा फुटतो. एक ग्रॅम सोन्याची दोन किलोमीटर तार निघते म्हणे, शाळेच्या पुस्तकात आहे. माझ्या जंतरात तेवढं बारीक भोक नाही.

बारा. तार ताठली. ओढताना थरांतले दोष वाढत जातात, एकमेकांत अडकतात. मग लाल तापवून पाण्यात सोडायची, की पुन्हा वळते. उजेडात ही लाली कळत नाही, म्हणून हा कोपरा अंधारा ठेवलाय.

सव्वा. तार तुटली. जोडली, पुन्हा तुटली. टोकाला राखाडी दाणे! एकदाणी कुणीतरी शिशा-कथलाच्या डाकाने सांधलेली. शिसं सोन्यात मुरत नाही, सोन्याच्या स्फटिककणांच्या सांध्यांत जाऊन बसतं. तार तुटायला हजारात एक भागही पुरे. तांबं-चांदी मात्र मुरतात. चांदीचा अणू जवळपास सोन्याएवढाच, तांब्याचा लहान, म्हणून कडकपणा तांब्याने जास्त येतो. चूक माझीच, मुशीत टाकण्याआधी डाक घासून बघायचा होता.

अडीच. सगळं गोळा करून गलाईवाल्याकडे. माणूस विट्याकडचा, खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी गावांतल्या लोकांनी हा धंदा देशभर नेला. तेजाबात शुद्ध करून उद्या देतो म्हणाला. घट माझ्या खिशातून.

साडेसात. झाडलोट. केर डब्यात, त्यातलं सोनं वेचणाऱ्या झारेकऱ्यासाठी. गिऱ्हाइकाला फोन केला, गोप परवा मिळेल.

जुना दागिना मोडायला आणाल, तेव्हा तो कधी कुठे सांधला होता, तेवढं आधी सांगा.