काटा निघाला, पण बोट सुजले

मासा साफ करताना काटा बोटात शिरणे ही आपल्या बेटावर घरोघरची गोष्ट. काटा काढायचा, हळद लावायची आणि पुन्हा कामाला लागायचे. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ अमेरिकेत लेकीकडे गेले असता त्यांनीही तेच केले. मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ ट्रॉय शहर आहे. तेथे भारतीय वस्ती बरीच, मंदिरही आहे. दोन दिवस ते कोणाला बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मधले बोट मुळापासून टोकापर्यंत सारखे सुजले, वाकून राहिले. लेकीने सरळ करू जाताच ते ओरडले. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली.

एवढ्याशा काट्यासाठी शस्त्रक्रिया? आम्हालाही नवल वाटले. पण बोट वाकवणारी दोरी, म्हणजे कंडरा, एका अरुंद नळीतून सरकते. नळीत पू झाला की दाब वाढतो, कंडरेचे रक्त अडते आणि ती मरते किंवा चिकटून बसते. अंगठा व करंगळीच्या नळ्या तर मनगटाकडे जातात.

शिकागोचे शस्त्रवैद्य ॲलन कॅनाव्हेल यांनी मृतदेहांच्या हातांत द्रव भरून हे मार्ग शोधले व 1912 साली ग्रंथ लिहिला. तेव्हा पेनिसिलिन नव्हते! वरची तीन लक्षणे आणि नळीवर दाबताच कळ, ही चार लक्षणे डॉक्टर आजही कॅनाव्हेलच्याच नावाने ओळखतात.

पूर्वी बोट लांबवर चिरून उघडीत. जखम भरेपर्यंत बोट आखडे. 1978 साली रॉबर्ट नेव्हियासर यांनी सोपी रीत मांडली. तळहातावर एक आणि बोटाच्या टोकाकडे एक, असे दोनच छोटे छेद. वरून बारीक नळी घालून निर्जंतुक मिठाचे पाणी सोडायचे. पू खालून वाहून जातो. ते नळी ठेवून दोन दिवस, दर दोन तासांनी 50 मिलिलिटर पाणी देत. आता कित्येक सर्जन शस्त्रक्रियेच्या वेळीच भरपूर धुतात व नळी ठेवीत नाहीत. गुण तसाच येतो. जोडीला प्रतिजैविके, आणि पुढे बोटांचा व्यायाम हवाच.

पहिल्याच दिवशी इस्पितळ गाठले तर कधी कधी इंजेक्शने आणि हात उंच ठेवणे एवढ्यावरही भागते. आमच्या गृहस्थांचे बोट वाचले, पण मूठ पुरती मिटत नाही. जाखडीत ढोलकी त्यांचीच असे. या गणेशोत्सवात ती पुतण्याने वाजवली. ते शेजारी झांज घेऊन बसले होते.