पौलाची धाव, धाराशिवचा खो

खो-खोच्या मैदानाकडे धावपट्टीची सवय झालेल्या डोळ्यांनी पाहिलं, तर बहुतेक जण नुसते बसलेले दिसतात. पाठलाग करणारा एक, त्याला चकवणारे तिघं आणि मधल्या पाटीवर आठ जण उकिडवे. एकाचं तोंड इकडे, शेजारच्याचं तिकडे. पण ते बसणं आरामाचं नसतं. टाचा उचललेल्या, बोटं मातीत रोवलेली, कान मागे. पाठीवर हात पडून ‘खो’ ऐकू आला की सुटायचं. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरायचं नाही. फिरलं की फाउल.

चर्चमधल्या उपदेशात चिकाटीचा विषय निघाला की असा बसलेला खेळाडू येत नाही, संत पौलाचा धावपटू मात्र हमखास येतो. पौल करिंथ शहरात दीड वर्ष राहिला, तंबू शिवून पोट भरत. जवळच इस्थमियाला दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरायचे. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पाइनच्या डहाळ्यांचा मुगूट चढायचा आणि चार दिवसांत वाळून जायचा. म्हणूनच करिंथकरांना पत्र लिहिताना पौल विचारतो, की वाळणाऱ्या पानांसाठी माणसं जिभेवर आणि देहावर एवढा ताबा ठेवतात, मग न वाळणाऱ्या मुगुटासाठी तुम्ही किती ठेवाल? फिलिप्पैकरांच्या पत्रात तो मागचं विसरून पुढे झेपावण्याची भाषा बोलतो. शिष्य तीमथ्याला तर त्यानं बजावलंय, नियमानं खेळला नाही तर मुगूट मिळत नाही.

देहावरचा ताबा म्हणजे काय, हे धाराशिवकरांना ग्रीसमधून शिकायला नको. इथल्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोच्या वाट्याला तब्बल २२ वर्षांनी. सुमारे दहा वर्षं आपण एक वेळच्या जेवणावर काढली, नीट खाणं मिळायचं ते शिबिरात किंवा स्पर्धेला गेल्यावरच, असं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. आईच्या शिवणकामावर आणि आजी-आजोबांच्या कमाईवर घर चालायचं. २०१६ मध्येच पैशांच्या ओढाताणीत खेळ सोडायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घालून त्यांना पुन्हा मैदानात आणलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भारतीय मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून पहिला विश्वचषक घेतला. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

या यशाचा ख्रिस्ती धर्माशी काडीचाही संबंध नाही, आणि कुणी तो जोडूही नये. पण पौल तरी कुठे श्रद्धावान खेळाडू शोधत होता? त्याच्यासमोरचे धावपटू परदैवतांच्या उत्सवात धावणारे होते. त्यांचा धर्म न घेता त्यांचा सराव तेवढा त्याने उचलला.

मला मात्र त्याच्या दाखल्यात एक अडचण दिसते. शर्यतीत बक्षीस एकालाच मिळतं. पौल स्वतःच तसं म्हणतो. श्रद्धेच्या वाटेवर असं कसं चालेल? शेजारच्याला मागे टाकून कुणी स्वर्गात जात नाही. ‘धावत राहा, थांबू नका’ हा उपदेश थकल्याभागल्या माणसाला, अंथरुणाला खिळलेल्या आईची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या लेकीला, किती पुरणार? तिची चिकाटी धावण्याची नाहीच. ती पाटीवर टाचा उचलून बसलेल्याची आहे.

गंमत म्हणजे याचं उत्तर पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या त्याच पत्रात, थोडं आधी सापडतं. आपण लावलं, सहकारी अपुल्लोसनं पाणी घातलं, वाढवलं देवानं, असा हिशेब तो मांडतो. हा शर्यतीचा हिशेब नव्हे. हा सरळसरळ खो आहे. आपला टप्पा पळायचा, वेळ ओळखून दुसऱ्याला उठवायचं आणि त्याच्या जागी आपण बसायचं. उगाच पुढे रेटत राहणारा खेळाडू दमतो आणि गडीही हातचा सुटतो.

मराठी ख्रिस्ती माणसाला याचं घरचं उदाहरण हवं असेल तर ते पंडिता रमाबाईंचं. चाळिशी ओलांडल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि बायबल साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणायचं काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. खिळे जुळवायला आणि छपाईला केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा घेतलेल्या बायका त्यांनीच तयार केल्या होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल तिथल्या छापखान्यातून बाहेर पडलं ते १९२४ साली, या बायकांच्या हातून.