रुस्ताकहून सायकलने समुद्र गाठताना

ओमानमधलं रुस्ताक समुद्रावर नाही, हजर डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्यामुळे सकाळी उतार आणि परतीला चढ, नेमका पाय थकल्यावर!

मार्ग : रुस्ताक–अल हझ्म–मुसन्ना, मग किनाऱ्याने सवादी आणि बरका, परत नखल व अवाबीवरून. दीडशे किलोमीटरच्या वर भरतो. दम कमी असेल तर मुसन्नाहूनच मागे फिरा. अल हझ्मचा किल्ला सुमारे 20 किलोमीटरवर. पहिला चहा तिथेच.

हंगाम : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात पारा 40च्या वर जातो, तेव्हा हा बेत नकोच. मात्र हिवाळ्यातला दिवस जेमतेम अकरा तासांचा, म्हणून उजाडताच निघा. दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. बरक्याहून परतताना तो बहुधा पाठीशी येतो. हाच मार्ग उलट्या दिशेने करायचा मोह टाळा.

रस्ता : वाहतूक उजवीकडून, आपली डावीची सवय चौकात दगा देते. डोंगरात पाऊस झाला तर रस्त्यावरून वाहणारी वादी (एरवी कोरडं असणारं नदीपात्र) ओलांडू नका, पाणी घोट्याएवढं दिसलं तरी.

शुक्रवारी दुपारच्या नमाजाला बहुतेक दुकानं बंद असतात. पाणी आधीच भरून घ्या. आपत्कालीन क्रमांक 9999.