कॅबिनेटच्या झिणझिण्या स्टॅटिकच्या नव्हेत

‘कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. पुण्याची हवा कोरडी ना, स्टॅटिक असणार.’ हे मी पेठेतल्या वाड्यात ऐकलं आहे आणि कोथरूडच्या सोसायटीतही. दर वेळी काळजी वाटते, कारण हा गैरसमज साधा नाही. स्थिर विद्युत एकदाच ‘चट्’ करते आणि संपते. बोट टेकवून ठेवल्यावरही झिणझिण्या चालूच राहत असतील, तर तो घरातल्या लाइनचा करंट आहे.

एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. त्यांतून झिरपणारा किंचित करंट अर्थिंगच्या वायरने जमिनीत जावा, अशी ही रचना. अर्थिंगच नसेल, तर पत्र्यावर २३० व्होल्टच्या निम्मा, साधारण ११५ व्होल्टचा दाब राहतो. टेस्टर टेकवला की आतला दिवा मंद नारिंगी पेटतो. करंट फारच थोडा असल्याने माणूस फक्त दचकतो. पण उद्या एसएमपीएसमध्ये बिघाड होऊन फेज थेट पत्र्याला लागली, तर तिला जमिनीत जायला वाट नसते. मग ती वाट हात लावणाऱ्याच्या अंगातून निघते.

जुन्या वाड्यांत मूळ वायरिंग दोनच तारांचं असायचं. पुढे थ्री-पिन सॉकेट बसलं, पण वरचं जाड भोक रिकामंच राहिलं. काही ठिकाणी तर न्यूट्रलचीच तार त्या भोकाला जोडून ‘अर्थिंग दिलं’ म्हणतात. हे कधीही करू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटली, की अख्खं कॅबिनेट जिवंत होतं. स्पाइक गार्ड किंवा यूपीएस घेतल्यानेही ही उणीव भरून निघत नाही. भिंतीतच अर्थ नसेल, तर ते तो आणणार कुठून?

आता खऱ्या स्टॅटिककडे. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता अनेकदा वीस-तीस टक्क्यांवर येते. शिवाजीनगरच्या वेधशाळेची, जुन्या पुणेकरांच्या ‘सिमला ऑफिस’ची, रोजची नोंद पाहिली तरी हे दिसेल. पावसाळ्यात हीच आर्द्रता ऐंशीच्या पुढे जाते, वस्तूंवर ओलाव्याचा अगदी पातळ थर बसतो आणि साचलेला भार त्यावरून निसटतो. म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावल्यावर बसणारा चटका उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत जास्त जाणवतो. मात्र एसीची खोली पावसाळ्यातही बरीच कोरडी असू शकते.

‘मला चटका बसला नाही, म्हणजे रॅमला काही झालं नाही,’ असंही म्हणतात. माणसाला ठिणगी जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. काही चिप मात्र शंभर व्होल्टलाही दुखावतात. म्हणजे नुकसान होऊन जातं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. कधी भाग लगेच मरत नाही, अर्धवट दुखावतो आणि काही महिन्यांनी मशीन अधूनमधून हँग होऊ लागतं.

‘रबरी चप्पल घाल, मग उघड,’ हा घराघरातला सल्ला. विजेच्या धक्क्यासाठी तो ठीक आहे, पण स्टॅटिकसाठी उलटा पडतो. रबरामुळे अंगावरचा भार जमिनीत जातच नाही. त्यापेक्षा प्लग सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण कुठे चुकून स्विच न्यूट्रलवर बसवलेला असतो. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबा, म्हणजे आत उरलेली वीज संपेल. त्यानंतर कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला, एखाद्या स्क्रूपाशी, हात लावा आणि काम चालू असताना अधूनमधून लावत राहा. तुम्ही आणि कॅबिनेट एकाच पातळीवर आलात, की ठिणगी पडायला कारण उरत नाही. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून मनगटाचा अँटिस्टॅटिक पट्टा आणलात, तर त्याची क्लिप त्याच पत्र्याला लावा. त्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर आहे ना, हे बघूनच घ्या. साधी तार मनगटाला गुंडाळणं धोक्याचं आहे.

दिवाळीच्या सफाईत व्हॅक्युम क्लिनरचं प्लॅस्टिकचं नळकांडं मदरबोर्डवर फिरवू नका, त्यानेच भार तयार होतो. ब्लोअरने लांबून हवा मारा आणि तेव्हा पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. नव्या रॅमची किंवा कार्डाची चंदेरी पिशवी आतला भाग जपते, पण तिच्यावर मदरबोर्ड ठेवून तो चालू करू नका. तिच्यात धातूचा थर असतो.

आणि तुमच्या कॅबिनेटला झिणझिण्या येत असतील, तर पट्टा विकत घेण्याआधी परवानाधारक वायरमनला बोलवा आणि मीटरने अर्थिंग मोजून घ्या. घरात लहान मुलं त्याच टेबलाखाली खेळतात. हे काम याच आठवड्यात करा.