आराखड्यातले अडीचशे मीटर

नवी मुंबई विमानतळाचा विषय निघाला की कमळ निघतंच. झाहा हदीद यांच्या लंडनमधल्या संस्थेनं कमळावरून बेतलेलं टर्मिनल, त्याचे खांब, त्याचं छत. ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झालं, तेव्हा तर फोटोंचा पाऊस पडला. आराखडा तपासणाऱ्यांचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टींत अडकलेला असतो: धावपट्ट्या, पाण्याच्या वाटा, धूर.

मुंबईच्या जुन्या विमानतळाचं दुखणं जगजाहीर आहे. धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. म्हणून नवी मुंबईत समांतर धावपट्ट्या हव्या होत्या. सिडकोच्या आधीच्या आराखड्यात त्यांच्यात १,८०० मीटरचं अंतर होतं. खरं तर आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, योग्य रडारव्यवस्था असेल, तर १,०३५ मीटरवरही दोन्हीकडे विमानं एकमेकांसाठी न खोळंबता उतरू शकतात. पण मधल्या पट्ट्यात टर्मिनल, विमानं उभी करायची जागा, टॅक्सीवे असं सगळं बसवायचं होतं. या ऐसपैस मांडणीपायी उलवेबरोबर गाढी नदीही वळवावी लागणार होती.

पर्यावरण मंत्रालयाच्या छाननीत गाडी अडली ती इथेच. पनवेलचं पाणी वाहून नेणारी नदी वळवायची, तीही २६ जुलै २००५चा महापूर पाहिलेल्या मुलखात! नोव्हेंबर २०१०मध्ये मंजुरी मिळाली, तोवर अंतर १,५५० मीटरवर आलं होतं. गाढीचं पात्र वाचलं. उलवे नदी मात्र वळवली गेली, खारफुटी गेली, सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून फोडली, दहा गावं उठली. तेव्हा छाननीनं सगळं वाचवलं असं कुणी म्हणू नये. तरीही माझ्या मते, या विमानतळातली सर्वांत मोलाची दुरुस्ती म्हणजे ते अडीचशे मीटर. फोटोत ते दिसत नाहीत, एवढंच.

चूक बांधकामानंतर उघडी पडली की काय होतं, ते बर्लिनला विचारावं. तिथल्या नव्या विमानतळाच्या छतावर धुराडी दिसू नयेत, म्हणून आगीचा धूर खाली ओढून जमिनीखालून बाहेर काढायची योजना होती. धूर वर जातो, हे चुलीपुढे बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. त्यात बांधकाम चालू असतानाच टर्मिनल वाढवत नेलं. ही यंत्रणा काही धड चालेना. ३ जून २०१२चं उद्घाटन जेमतेम महिनाभर आधी रद्द झालं. विमानतळ उघडला ३१ ऑक्टोबर २०२०ला.

आता पुरंदरच्या विमानतळाचं घाटत आहे. अशा प्रकल्पांच्या पर्यावरणीय जनसुनावणीआधी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. तो मराठी सारांश मागून घ्या, आणि टर्मिनलचं चित्र बघण्याआधी नकाशावर आपला ओढा शोधा.