समुपदेशकासमोर शब्द का अडतात?

महिनाभर मनाची तयारी करून वेळ घ्यावी, ठरलेल्या दिवशी समुपदेशकासमोर बसावे आणि 'काय त्रास होतो?' या साध्या प्रश्नावर 'तसे विशेष काही नाही' एवढेच तोंडून निघावे, हा अनुभव अनेकांचा आहे. तास संपतो. 'आपल्याला हे जमणार नाही' असे ठरवून माणूस पुढची भेट टाळतो आणि उपचाराची वाट तेथेच खुंटते.

या मौनामागे कारणे असतात. घरातले दुखणे उंबऱ्याबाहेर नेऊ नये, हा संस्कार लहानपणापासूनचा. त्यात गोव्यासारख्या छोट्या राज्यात वाड्यापासून जत्रेपर्यंत सगळेच एकमेकांना ओळखतात. बोललेले बाहेर फुटले तर, ही धास्ती स्वाभाविक आहे. भाषेचीही अडचण असते. घरी कोकणी, वाचन मराठीत आणि शिक्षण इंग्रजीत झालेल्या माणसाला दुःख नेमके कोणत्या भाषेत सांगावे, हेच उमगत नाही. म्हणून आपल्याला सोयीची भाषा कोणती, हे पहिल्याच भेटीत सांगावे.

गोपनीयतेला कायद्याचा आधार आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे उपचारकर्त्यांवर बंधनकारक आहे. कोणाच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश असणे, असे काही अपवाद त्यात आहेत. ते कोणते, हे समुपदेशकाला आधीच विचारावे. तो प्रश्न अविश्वासाचा ठरत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातील सहकार्याचे तीन घटक मांडले : उद्दिष्टांवर एकमत, करावयाच्या कामांवर एकमत आणि परस्परांतील बंध. हा बंध भेटीगणिक घडत जातो. पहिल्या दिवशी सारे सांगून टाकण्याची सक्ती नसते.

मग सुरुवात कशी करावी? 'मला बोलणे अवघड जाते' हे वाक्यच सुरुवात ठरू शकते. त्यावरून समुपदेशकाला पुढची दिशा मिळते. मूळ घटनेपाशी जाता येत नसेल तर झोप, भूक, छातीतली धडधड यांविषयी सांगावे. आदल्या रात्री चार ओळी लिहून न्याव्यात. वाचवत नसतील तर कागद पुढे करावा. बोलताना नजर खाली राहिली तरी बिघडत नाही. काही भेटींनंतरही सूर जुळला नाही, तर तसे स्पष्ट सांगून दुसरा समुपदेशक शोधण्यात गैर नाही.

एक गोष्ट मात्र मागे ठेवू नये. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर ते सर्वांत आधी सांगावेत. पुढच्या भेटीपर्यंत थांबवत नसेल, तर 'टेलिमानस'च्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर दिवसरात्र, मराठीसह अनेक भाषांत बोलता येते.

अडखळत उच्चारलेले पहिले वाक्यही उपचाराचाच भाग असते.