माकडतापाचे संक्रमणचक्र

माकडतापाचे संक्रमणचक्र म्हणजे क्यासनूर वनरोगाचा विषाणू गोचिडी, रानउंदरांसारखे लहान सस्तन प्राणी, माकडे आणि माणूस यांच्यात ज्या मार्गाने फिरतो तो मार्ग होय. हा रोग पश्चिम घाटाच्या जंगलपट्ट्यात आढळतो. प्रचलित नावामुळे माकड हाच रोगाचा उगम असल्याचा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात माकडे स्वतःच या विषाणूने मोठ्या संख्येने दगावतात. विषाणू जंगलात टिकून राहतो तो मुख्यतः गोचिडी आणि जमिनीलगत वावरणाऱ्या लहान प्राण्यांमुळे.

इतिहास

१९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली. भारतात कधीही न आढळलेला पीतज्वर आला की काय, अशी शंका प्रथम घेतली गेली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) विषाणू वेगळा केला, तेव्हा तो डासांमार्फत नव्हे, तर गोचिडींमार्फत पसरणाऱ्या गटातील, रशियातील मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा आप्त निघाला.

अनेक दशके हा रोग कर्नाटकापुरताच मर्यादित मानला जाई. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात, २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात आणि पुढे सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात रुग्ण आढळले. काजू बागांत काम करणारे मजूर व शेतकरी यांना येथे विशेष धोका आढळला. काजूचा हंगाम आणि गोचिडींच्या पिल्लांचा सुकाळ एकाच काळात येतो, हे त्यामागील एक कारण आहे.

गोचीड आणि तिचे यजमान

रोगाची प्रमुख वाहक हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड आहे. अंड्यातून बाहेर पडणारी सहा पायांची अळी, त्यानंतरचे आठ पायांचे पिल्लू आणि प्रौढ गोचीड अशा तिच्या तीन अवस्था असून प्रत्येक अवस्थेत ती सामान्यतः एकदाच पोटभर रक्त पिते आणि यजमानाच्या अंगावरून गळून पडते. अळ्या व पिल्ले उंदीर, चिचुंद्री, खार, जमिनीवर चरणारे पक्षी आणि माकडे यांच्यावर पोसली जातात. प्रौढ गोचिडी गुरे व मोठ्या वन्य प्राण्यांवर.

एका अवस्थेत शिरलेला विषाणू पुढील अवस्थेत टिकतो. मात्र या जातीत तो अंड्यांवाटे पुढच्या पिढीत फारसा उतरत नाही. म्हणून नव्या पिढीतील अळ्यांना तो बाधित प्राण्याच्या रक्तातूनच मिळवावा लागतो. पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर आणि चिचुंद्री यांच्यात हा विषाणू आढळला आहे. माकडासारखे ते ठळकपणे मरून पडत नसल्याने जंगलातील हा व्यवहार कोणाच्या नजरेस येत नाही. गुरांच्या रक्तात विषाणू पुरेशा प्रमाणात वाढत नाही. तथापि त्यांच्या रक्तावर प्रौढ गोचिडी पोसल्या जाऊन अंडी घालतात, म्हणजे गुरे विषाणू नव्हे, गोचिडी वाढवतात.

माकडाची भूमिका प्रसारकाची आहे. वानर आणि लाल तोंडाच्या माकडाच्या रक्तात विषाणू मोठ्या प्रमाणात वाढतो. ते मेल्यावर अंगावरील बाधित गोचिडी आजूबाजूच्या पालापाचोळ्यात विखुरतात आणि ती जागा काही काळ धोकादायक बनते. माणसाला बहुधा पिल्लू अवस्थेतील गोचीड चावते. ती इतकी लहान असते की चावा अनेकदा लक्षातही येत नाही. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही.

लाइम रोगाशी तुलना

उत्तर अमेरिकेतील लाइम रोगही गोचिडीच्या पिल्लांमार्फत पसरतो आणि तेथे पांढऱ्या पायांचा उंदीर हा जंतूचा मुख्य साठा आहे. साम्य येथेच संपते. लाइम रोग जिवाणूजन्य असून प्रतिजैविकांनी बरा होतो. माकडताप विषाणूजन्य असून त्यावर विशिष्ट औषध नाही.

लक्षणे व नियंत्रण

चाव्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांनी थंडी वाजून तीव्र ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते. काहींना रक्तस्राव होतो. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३ ते ५ टक्के आहे. काही रुग्णांत ताप उतरल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा चढतो आणि मज्जासंस्थेची लक्षणे दिसतात. उपचार लक्षणांनुसार केले जातात. पूर्वी वापरली जाणारी लस अपुरी परिणामकारक ठरली.

मृत माकड आढळल्यास त्याला हात न लावता आरोग्य किंवा वन विभागाला कळवणे आवश्यक असते. त्या जागेभोवती सुमारे ५० फुटांच्या परिघात मॅलेथिऑनची भुकटी धुरळली जाते. जंगलात जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत, उघड्या त्वचेला प्रतिबंधक तेल लावावे आणि परतल्यावर गरम पाण्याने व साबणाने अंघोळ करावी, अशी शिफारस केली जाते. या उपायांनी माणूस आणि माकड यांच्याभोवतीच्या गोचिडी कमी होतात. रानउंदरांमधील चक्राला त्यांचा स्पर्श होत नाही.